एवढ्याशा डोक्यावर एवढी लोकर!

ताई, मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते. नोकरी सांभाळून छोट्या रेझिनच्या बाहुल्या जमवते. सध्या दोनच आहेत, एक 16 सेंटिमीटरची आणि दुसरी 11 सेंटिमीटरची. परदेशातून मागवलेले केसांचे टोप फार महाग पडतात, म्हणून घरीच लोकरीचे केले. पण टोप घातला की बाहुलीनं हेल्मेट घातल्यासारखं दिसतं. माझ्या विंचरलेल्या केसांचाही करून पाहिला, तर ते तारेसारखे उभे राहतात. दोघींसाठी जुन्या वाड्यातलं माजघर करायला घेतलंय. झोपाळासुद्धा केला, पण सगळं शाळेच्या प्रोजेक्टसारखं दिसतं. ऑनलाइन घेतलेलं फर्निचर मोठीला पुरत नाही. त्यात ओळखीच्या एक बाई दहा टोपांची ऑर्डर देतायत. सासूबाई म्हणतात, पाच वर्षांच्या नातीला हात लावू देत नाहीस तर बाहुल्या आणल्यास कशाला? कुठून सुरुवात करू?
– बाहुलीवेडी, बडोदा

तुम्ही पाठवलेले फोटो मोठे करून नीट पाहिले. तुमच्या हाताला वळण आहे, त्याची काळजी नको. टोप आणि खोली अशा दोन तक्रारी तुम्ही लिहिल्यात, पण मला त्या एकच दिसतात. तुम्ही वस्तू लहान केल्यात, बारीक केल्या नाहीत. उंची कमी झाली, रुंदी कमी झाली, जाडी मात्र होती तीच राहिली. बघणाऱ्याला खोटेपणा कळतो तो नेमका तिथं. खुर्ची दोन इंचांची आहे की अडीच, हे कुणी मोजत बसत नाही. तिचा पाय सोटा वाटला की मात्र सगळी खोली खोटी पडते.

आधी माप ठरवू, कारण तुमचं निम्मं काम तिथंच अडलंय. बाहुलीघराचं तयार सामान बहुतेक एकास बारा या प्रमाणात येतं, म्हणजे खरा एक फूट तिथं एक इंच होतो. आता तुमच्या थोरलीच्या उंचीला बारानं गुणा. 192 सेंटिमीटर, म्हणजे सहा फूट तीन इंचांच्या वर! चेहरा बालवाडीतला आणि उंची दाराला टेकणारी. ती त्या खुर्चीत मावणार कशी? बार्बीचं एकास सहा हे प्रमाण घेतलंत तर थोरली 96 सेंटिमीटरची, तीन वर्षांच्या मुलीएवढी होते. ते ठीक. पण धाकटी 66 सेंटिमीटरवर येते, म्हणजे सहा-सात महिन्यांचं तान्हं बाळ. तिला झोपाळ्यावर एकटीला बसवलंत तर बघणाऱ्याचा जीव वर-खाली होईल.

म्हणून तुम्ही एकास आठ धरा. खरा एक फूट म्हणजे दीड इंच. या हिशेबात थोरली 128 सेंटिमीटर आणि धाकटी 88. एक आठेक वर्षांची, दुसरी दोनेक वर्षांची. झाल्या सख्ख्या बहिणी. दहा फूट उंचीचं माजघर पंधरा इंचांत बसतं आणि आठ इंची जुनी नक्षीची फरशी बरोबर एक इंचाचा चौकोन होते. हिशेब डोक्यात ठेवायला सोपा, आणि मोजपट्टीवरही अपूर्णांक फार येत नाहीत.

एक सवलत मात्र घ्यावी लागेल. या बाहुल्यांची डोकी अंगाच्या मानानं भलतीच मोठी असतात, त्यात वर टोप. दाराची रुंदी माणसाच्या हिशेबानं काढलीत तर पोरगी दारात अडकेल. तेव्हा दार, पाळणा, उशी ही मापं डोक्यावरून घ्या. बैठकीची उंची टाचेपासून गुडघ्यापर्यंत दोरा धरून घ्या. बाकीचं सगळं दीड इंचाच्या हिशेबानं.

आता केस. तुमचे केस का उभे राहतात ते सांगते. माणसाचा केस साधारण 0.07 मिलिमीटर जाड असतो. आठानं गुणलंत की अर्ध्या मिलिमीटरच्या वर जातो, म्हणजे बाहुलीच्या डोक्यावर तो केस नसून तंगूस आहे. शिवाय लांब होता तेव्हा तो स्वतःच्या वजनानं खाली पडायचा. तीन इंचांच्या तुकड्याला ते वजनच नाही. मुलीचे जावळ जपून ठेवलंय का, असा प्रश्न मनात आला असेल तर जावळ थोडं बारीक असतं खरं, पण ते जपूनच ठेवा.

मग वापरायचं काय? एक पर्याय मोहेर, म्हणजे अंगोरा जातीच्या शेळीची लोकर. त्यातली करडांची घेतली तर तंतू साधारण 0.025 मिलिमीटरचा असतो. मेरिनो मेंढीचा त्याहून थोडा बारीक. आणि रेशीम 0.01च्या आसपास. रेशमाला आठानं गुणून पाहा. जवळजवळ खऱ्या केसाची जाडी येते! म्हणून माझं मत स्पष्ट आहे. तुम्हाला वाड्यातल्या मुली करायच्यात, तेल लावून चापून विंचरलेल्या, मधला भांग, दोन वेण्या. त्यांना रेशीमच हवं. कुरळे, भुरभुरते केस हवे असतील तेव्हा मोहेर. स्वेटरची अॅक्रिलिक लोकर हात बसवण्यापुरती वापरा. तिला सरळ करायला इस्त्री मात्र लावू नका, वितळते.

रेशीम घेताना एक बघा. बांगड्या आणि झुमके करण्यासाठी 'सिल्क थ्रेड' म्हणून जी चकचकीत रिळं मिळतात, ती बहुतेक रेशमाची नसतात. एक धागा चिमट्यात धरून जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली तर रेशीम. कागद जळल्याचा वास आला तर रेयॉन. वितळून टोकाला कडक गाठ झाली तर पॉलिस्टर. रेयॉन वाईट नाही, पण फार चमकतो, आणि फाजील चमकही जाडीसारखीच चुगली करते. बिनपिळाच्या भरतकामाच्या लडी मिळाल्या तर उत्तम. पीळ असेल तर तो आधी पूर्ण उकला.

फोटोत तुमच्या टोपाची शिवण पाहिली. लोकरीचे दोरे अख्खेच्या अख्खे कापडावर शिवलेत. मोठ्या कापडी बाहुलीला ते चालतं, इथं चालणार नाही. इथं आधी झालरी करायच्या. चार-पाच इंचांचा झुबका घ्या, एका टोकाला घट्ट धरा आणि फणीनं विंचरा, उवांच्या बारीक फणीनं. खालच्या टोकापासून वर या, नाहीतर सगळं तुटून फणीत जाईल. तसाही बराच माल फणीत जातो, त्याला इलाज नाही. मग बटर पेपरवर तो पसरा. किती पातळ? बटर पेपरच्या खाली लिहिलेला कागद ठेवा. केसांतून अक्षर वाचता आलं पाहिजे. बहुतेक जण इथं हात सैल सोडतात, आणि हेल्मेट होतं ते इथूनच. वरच्या कडेला कापडाच्या गोंदाची बारीक रेघ ओढा, वरून बटर पेपरचा दुसरा तुकडा दाबा, वाळू द्या. वाळल्यावर कागद सोडवा आणि गोंदाची पट्टी दोन मिलिमीटर ठेवून बाकीची कापून टाका. झाली एक झालर. अशा बऱ्याच लागतील. संध्याकाळी बातम्या बघताना होतात.

टोपाच्या आतली टोपी करायला बाहुलीच्या डोक्यावर स्वयंपाकघरातला क्लिंग रॅप ताणून मानेशी रबर लावा, चेहराही झाका. त्यावर जुन्या पातळ स्टॉकिंगचा तुकडा ताणून बसवा आणि पाणी घालून सैल केलेला गोंद ब्रशनं दोन हात द्या. रात्रभर वाळू द्या. मग पेन्सिलीनं कपाळाची, कानामागची रेघ काढा, उतरवा, कापा. फेविक्विकसारखा चटकन चिकटणारा गोंद या कामात अजिबात नको. सुती कापडावर किंवा लोकरीवर तो ओघळला की तापतो, धूर येतो, बोट भाजतं. वर पांढरा धुरकट थर बसतो, आणि क्लिंग रॅपला भोक असेल तर टोप बाहुलीचा कायमचा झाला.

झालरी मानेपासून चिकटवत वर यायचं. खाली ओळींत अंतर ठेवा, भांगाजवळ आलं की अंतर कमी करा. मानेजवळ दाटी केलीत तर केस पंख्यासारखे बाहेर येतात. खरी परीक्षा भांगाची. शेवटच्या दोन झालरी उलट्या चिकटवायच्या, म्हणजे केस चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला लोंबतील असे. गोंद वाळला की केस परतवून आपल्या बाजूला आणायचे. गोंदाची कड आत लपते आणि भांगाची रेघ स्वच्छ दिसते. त्या दोन झालरींच्या मध्ये रेझिनच्या रंगाच्या मलमलीची बारीकशी चिंधी आधीच लावून ठेवा, ती टाळूची कातडी. मग ओल्या बोटानं केस बसवा, वरून जाळीचा तुकडा बांधून रात्रभर ठेवा. तेल नको. शेंगदाण्याएवढ्या खोप्यावर गजरा हवाच असेल, तर दीड मिलिमीटरचे सर्वांत बारीक पांढरे पोतीचे मणी ओवा. आठानं गुणलं की बारा मिलिमीटर, म्हणजे मोगऱ्याची कळी.

काळं किंवा लाल रेशीम वापरण्याआधी व्हिनेगर घातलेल्या कोमट पाण्यात बुडवा, मग पाणी नितळ येईपर्यंत धुवा. रेझिनला रंगाचा डाग लागला की सहज जात नाही. टोपीला आतून पांढरं अस्तर द्या, आणि टोप घसरतो म्हणून दुहेरी टेप लावू नका, तिचा चिकटा रेझिनवर राहतो. पातळ सिलिकॉनची टोपी मिळते, ती आत घाला.

खोलीत जाडीचा प्रश्न उलटासुलटा आहे. सामान फार जाड झालंय आणि भिंती फार पातळ. वाड्याची भिंत दीड फूट जाड असेल तर तुमच्या खोलीत ती सव्वादोन इंच हवी. तुम्ही लावलाय एकच सनबोर्ड, म्हणजे फोमचा ताठ बोर्ड, पाच मिलिमीटरचा. म्हणून खिडकी म्हणजे पुठ्ठ्याला पाडलेलं भोक दिसतं, आणि कोनाडा खोदायला जागाच नाही म्हणून तो तुम्ही रंगवून टाकलात. दोन सनबोर्ड सव्वादोन इंच अंतर सोडून उभे करा आणि मध्ये थर्मोकोलचे ठोकळे भरा. मग खिडकीला खोली येईल, कोनाड्यात खरीच पणती बसेल, आणि मधल्या पोकळीतून दिव्याची वायर जाईल. रावपुऱ्यात तांबेकर वाडा हाकेच्या अंतरावर आहे तुमच्या. तिथली भित्तिचित्रं पाहायला सगळेच जातात. तुम्ही दारांच्या चौकटी किती आत बसवल्यात आणि खांब किती जाड आहेत, ते पाहून या.

झोपाळ्यावर मी जरा थांबते, कारण बडोद्याच्या माजघरात झोपाळा म्हटलं की संखेडा गावच्या लाकूडकामाचाच हवा, आणि तुम्ही तो केलाय तपकिरी पोस्टर कलरमध्ये! संखेड्याच्या कामात आधी खरादावर लाकूड कातून घेतात, त्यावर कथलाच्या रुपेरी रंगानं नक्षी काढतात आणि वरून लाखेचा पारदर्शक पिवळसर थर चढतो. रुपेरी नक्षी त्यातून सोनेरी दिसते. हेच तुम्हाला घरी करता येतं. बांबूच्या कबाब काडीवर वेगवेगळ्या मापाचे लाकडी मणी गोंद लावून ओवा, वळणदार कातीव पाय तयार. त्याला मरून रंग द्या. रुपेरी जेल पेननं वेलबुट्टी काढा, वाळू द्या आणि वरून पिवळ्या-नारिंगी ग्लास कलरचा अगदी पातळ हात फिरवा. तो थर चढताना चांदीचं सोनं होतं ते एकदा पाहिलंत की तयार सोनेरी पेन पुन्हा हातात घेणार नाही.

पाय सव्वासहा मिलिमीटरहून जाड नको. खरा पाच सेंटिमीटरचा पाय असा सव्वासहावर येतो. फळी अडीच मिलिमीटरची, कारण खरी दोन सेंटिमीटरची असते. कड्यांना इमिटेशन दागिन्यांची बारीकात बारीक साखळी. आता ती साखळी तुमच्या फोटोत वाकडी का लोंबतेय? लहान वस्तूला वजन नसतं म्हणून. माप आठपट कमी केलं की वजन कितीतरी जास्त पटीनं उतरतं, आणि साखळी ताठ व्हायला ओझंच उरत नाही. फळीच्या पोटाला शिशाची पट्टी किंवा दोन लोखंडी वॉशर चिकटवा, साखळी लगेच सरळ होईल. पडद्यांचं आणि चादरीचंही तेच. साधं सुती कापड आठपट मोठं करून पाहिलं तर जाड सतरंजी होते, ती चुण्या घेणार कुठून? धुऊन मऊ झालेली मलमल घ्या, पातळ गोंदपाण्यात बुडवून पिळा, थर्मोकोलवर टाचण्यांनी चुण्या पाडून वाळवा, मग टांगा.

आरशाला मंगळ बाजारात नवरात्राआधी चणिया-चोळीसाठी येणारे आभले घ्या, पण चौकटीत बसवताना त्याची कड झाका, काच फार जाड असते. पितळी भातुकली घेताना मोजपट्टी बरोबर न्या. घागर दीड इंचाची असेल तर फूटभर उंच झाली, चालेल. त्याच संचातली पळी बहुधा तिच्याएवढीच लांब आणि जाड असते, ती खोलीत नको. रंग सगळीकडे मॅट. देवाच्या तसबिरी फोटोपेपरवर छापू नका, साध्या कागदावर छापा.

उजेडासाठी तुम्ही छतातून पांढरी एलईडी पट्टी सोडलीत ती काढून टाका. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये नार्सिसा थॉर्न यांच्या 68 लघुखोल्या आहेत, एकास बारा प्रमाणातल्या, 1930च्या दशकात कारागिरांकडून करवून घेतलेल्या. त्यांचे फोटो इंटरनेटवर मोठे करून पाहा. दारातून पलीकडची खोली नाहीतर बागेचा तुकडा दिसतो आणि उजेड तिकडून आत येतो. तुम्हीही तेच करा. खिडकीमागे चार इंच सोडून पिवळसर बारीक दिवा, मध्ये बटर पेपर. माजघर अर्धवट अंधारात राहू दे, माजघरं तशीच असायची.

ही खोली गॅलरीशेजारी मात्र ठेवू नका. उन्हानं रेझिन पिवळं पडतं, आणि ते परत येत नाही. पावसाळ्यात टोप हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा. रेशमाला आणि लोकरीला कसर लागते म्हणून डांबरगोळ्या टाकायचा मोह होईल, पण त्यांच्या वाफेनं काही प्लास्टिक मऊ पडतं. वाळलेला कडुनिंबाचा पाला मलमलीच्या पुरचुंडीत ठेवा.

सासूबाईंचं म्हणणं मला अगदीच गैर वाटत नाही. घरात बाहुल्या आहेत आणि पाच वर्षांच्या मुलीनं त्या फक्त बघायच्या, हे कुठल्याही आजीला खटकेल. पण आपटली तर रेझिनची बाहुली फुटते, आणि मणी, टाचण्या, शिशाची पट्टी हे काही मुलीच्या हातात द्यायचं सामान नाही. तुमच्याकडे ते लोकरीचे हेल्मेट-टोप पडलेत ना? एखादी साधी, तशाच डोक्याची प्लास्टिकची बाहुली आणा आणि ते सगळे लेकीला देऊन टाका. तिला जाडीचं काही पडलेलं नाही, ती खूश होईल. एकास बाराचं फर्निचरही तिलाच द्या, बारीक तुकडे तेवढे काढून. सासूबाईंना कलेचं महत्त्व पटवून द्यायच्या भानगडीत पडू नका. नात खेळताना दिसली की त्यांचा प्रश्न मिटेल. नाही मिटला तरी तुमचं काम कपाट बंद करून चालू राहील.

राहिली ऑर्डर. दहा टोप आत्ता घेऊ नका. दोन घ्या. त्या बाईंकडून डोक्याचा घेर मागवा, कपाळावरून कानांच्या वरून मागे दोरा धरून, सेंटिमीटरमध्ये, आणि रेझिनचा रंग कळेल असा दिवसाच्या उजेडातला फोटो. त्यांची बाहुली मापासाठी घरी ठेवून घेऊ नका. डाग पडला तर किंमत तुम्ही भराल. घेराएवढा थर्मोकोलचा गोळा तासून त्यावर टोपी करता येते. किंमत ठरवताना रेशमाच्या लडीचे पैसे धरतात आणि विंचरण्याचे तास सगळे जण विसरतात. ते धरा, आणि निम्मे पैसे आधी घ्या. दोन टोप पोचले, आठवडाभर डोक्यावर राहिले आणि कपाळावर रंग उतरला नाही असं त्यांनी कळवलं, की मग पुढच्या आठांच्या झालरी करायला बसा.